जेऊरच्या माळावरची दोन मिनिटे

अकलूजमध्ये थंडीच्या दिवसांत आकाश स्वच्छ असते. अष्टमीच्या आसपासची रात्र असावी, एखाद्या गच्चीवर किंवा शाळेच्या मैदानात छोटी दुर्बीण लावलेली असावी आणि भोवती मुलांचा घोळका असावा. पहिला मुलगा डोळा लावतो, चंद्रावरचे खड्डे पाहून ओरडतो आणि लगेच खिशातून मोबाइल काढतो. आयपीसवर मोबाइलचा कॅमेरा टेकवायचा, हात स्थिर ठेवायचा, बटण दाबायचे. चार-पाच प्रयत्न फसतात. मग एक फोटो जमतो आणि काही मिनिटांत तो गावभर पोचतो.

यात नवल वाटावे असे आता काही उरलेले नाही. पण दुर्बिणीतून दिसलेले स्वतःपुरते न ठेवता फोटोत पकडायचे आणि दुसऱ्यासमोर ठेवायचे, या कामाला सोलापूर जिल्ह्यात सव्वाशे वर्षांहून जुना इतिहास आहे. अकलूजपासून सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्या आत, भीमेच्या पलीकडे, करमाळा तालुक्यातले जेऊर हे रेल्वे स्टेशनचे गाव आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी तिथल्या माळावर जगातल्या काही उत्तम खगोलज्ञांनी तळ ठोकला होता. त्यांत अमेरिकन होते, जपानी होते, आणि पुण्याहून आलेले एक भारतीय प्राध्यापकही होते. त्यांचे नाव कावसजी दादाभाई नायगमवाला.

भारतातील आधुनिक खगोलभौतिकीचा इतिहास सांगताना नायगमवाला यांचे नाव सुरुवातीलाच येते. पुण्याच्या ज्या महाविद्यालयात त्यांनी देशातली त्या काळची सर्वांत मोठी दुर्बीण उभारली, ते आज सीओईपी म्हणून घराघरांत माहीत आहे. तिथली वेधशाळा मात्र फारशी कोणाच्या आठवणीत नाही.

पाच हजारांतून उभी राहिलेली वेधशाळा

नायगमवाला यांचा जन्म १८५७ सालचा, पारशी कुटुंबातला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते शिकले. १८७८ मध्ये भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र घेऊन ते मुंबई विद्यापीठाची एमए परीक्षा उत्तीर्ण झाले आणि चॅन्सेलर्स मेडलचे मानकरी ठरले. १८८२ मध्ये त्याच कॉलेजात त्यांना प्रायोगिक भौतिकशास्त्र शिकवण्याची जागा मिळाली.

त्याच वर्षी भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी कॉलेजला भेट दिली. शिक्षणावर खर्च करणारा हा संस्थानिक. पुढे तरुण मोहनदास गांधी काही काळ ज्या सामळदास कॉलेजात शिकले, तेही याच महाराजांनी स्थापन केलेले. एल्फिन्स्टन कॉलेजला त्यांनी वर्णपटाच्या प्रयोगशाळेसाठी पाच हजार रुपये दिले. मुंबई सरकारने तेवढीच रक्कम घातली.

वर्णपट म्हणजे काय, हे इथेच समजून घेतलेले बरे. सूर्यप्रकाश लोलकातून गेला की त्याचे रंग वेगळे होतात. नीट पाहिले तर त्या रंगपट्ट्यात ठरावीक जागी बारीक रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. रक्ताचा नमुना तपासून जसा आजाराचा माग लागतो, तसा प्रकाशाचा नमुना तपासून ताऱ्यात काय जळते आहे याचा माग लागतो. ताऱ्यापर्यंत कोणी जाऊ शकत नाही, पण त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत येतो. त्या काळी हे शास्त्र अगदी नवे होते.

उपकरणे आणण्यासाठी नायगमवाला १८८४ मध्ये इंग्लंडला गेले. तिथल्या खगोलज्ञांशी बोलल्यावर मूळ बेत बदलला. नुसती प्रयोगशाळा उभारण्यापेक्षा खगोलभौतिकीची वेधशाळाच उभारावी, असे ठरले. भारतासारख्या देशात वर्षातले कितीतरी महिने आकाश निरभ्र असते आणि इंग्लंडमध्ये ढगांशी झगडावे लागते, हे लक्षात घेता तो सल्ला व्यवहाराचाच होता. डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांच्या कारखान्याकडे परावर्तक दुर्बिणीचे काम सोपवले गेले. मुंबईपेक्षा पुण्याची हवा वेधांसाठी बरी, म्हणून वेधशाळेसाठी पुणे निवडले गेले. नायगमवाला यांचीही बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली. १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा तयार झाली.

दुर्बिणीच्या आरशाचा व्यास वीस इंच होता. अंधारात माणसाच्या डोळ्याची बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते. हिशेब केला तर वीस इंची आरसा डोळ्याच्या पाच हजार पटींहून अधिक प्रकाश गोळा करतो. १८८८ सालच्या पुण्यात ही केवढी झेप होती, याची कल्पना या एका आकड्यावरून यावी.

डोळा आणि काच

दुर्बीण मोठी असली तरी तिच्या टोकाला डोळाच असेल, तर डोळ्याच्या मर्यादा सुटत नाहीत. त्या मर्यादा शरीराने घालून दिलेल्या आहेत.

डोळ्याच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, दोन प्रकारच्या प्रकाशपेशी असतात. शंकूपेशींना रंग कळतात, पण त्यांना भरपूर प्रकाश लागतो. दंडपेशी मिणमिणत्या उजेडातही काम करतात, पण त्यांना रंग कळत नाहीत. म्हणून दुर्बिणीतून तेजोमेघ पाहणाऱ्याला फोटोतले लाल-गुलाबी रंग दिसत नाहीत. त्याला राखाडी धुरासारखे काहीतरी दिसते. उजेडातून अंधारात आल्यावर दंडपेशींतले रंगद्रव्य पुन्हा भरून यायला वीस ते तीस मिनिटे लागतात. हे रंगद्रव्य अ जीवनसत्त्वापासून बनते. ते जीवनसत्त्व कमी पडले की रातांधळेपणा येतो, तो यामुळेच.

सर्वांत मोठी मर्यादा वेळेची. डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही. सेकंदाच्या एका छोट्या अंशात जेवढा प्रकाश आला, त्यावरून मेंदू चित्र बनवतो आणि पुढच्या क्षणाला लागतो. एखाद्या अंधूक ताऱ्याकडे तासभर टक लावली तरी तो अधिक तेजस्वी दिसत नाही. उलट डोळा थकतो आणि नसलेलेही दिसू लागते.

रासायनिक लेप दिलेली काच मात्र साठवते. चांदीच्या संयुगाचा थर दिलेल्या काचेवर एक मिनिट प्रकाश पडला तर एक मिनिटाचा ठसा उमटतो, एक तास पडला तर एक तासाचा. १८७०च्या दशकात कोरड्या जिलेटिनच्या काचा आल्या आणि खगोलज्ञांची मोठी अडचण दूर झाली. त्याआधीची ओली काच वाळायच्या आत वापरावी लागे, त्यामुळे लांब वेळ फोटो घेता येत नसे. १८८० मध्ये अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी मृगातील तेजोमेघाचा पहिला फोटो घेतला. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये अँड्र्यू कॉमन यांनी घेतलेल्या फोटोत तर दुर्बिणीतून डोळ्याला न दिसणारे तारेही उमटले होते. नायगमवाला इंग्लंडला गेले ते याच सुमारास. माणसाचा डोळा ही शेवटची कसोटी राहिलेली नाही, हे ज्या वर्षांत सिद्ध झाले, त्याच वर्षांत त्यांची वेधशाळा आकार घेत होती.

फोटोचा दुसरा गुण याहून मोठा होता. डोळ्याने पाहिलेले सांगावे लागते आणि ऐकणाऱ्याला त्यावर विश्वास ठेवावा लागतो. काचेवर उमटलेले समोर ठेवता येते, मोजता येते आणि पाहणाऱ्याच्या मृत्यूनंतरही पुन्हा तपासता येते. रुग्णाच्या छातीत काय ऐकू आले हे डॉक्टर सांगतो. एक्स-रे मात्र दुसऱ्या डॉक्टरलाही दाखवता येतो. तसाच हा फरक.

एका रेषेचा वाद

नॉर्मन लॉकियर हे त्या काळचे बडे नाव. नेचर या विज्ञान साप्ताहिकाचे ते संस्थापक संपादक. सूर्याच्या वर्णपटातल्या एका पिवळ्या रेषेवरून सूर्यात पृथ्वीवर माहीत नसलेले मूलद्रव्य असावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला होता. तेच हेलियम. पृथ्वीवर ते सापडले १८९५ मध्ये.

मृगातील तेजोमेघाच्या वर्णपटातही एक ठळक हिरवी रेषा दिसते. ती कशाची, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. लॉकियर यांच्या मते ती मॅग्नेशियमच्या एका पट्ट्याचा उरलेला भाग होती. अवकाशातल्या उल्कांच्या टकरीतून तेजोमेघ उजळतात, या त्यांच्या सिद्धांतात ते उत्तर नीट बसत होते. पट्ट्याचा अवशेष असेल तर रेषेची एक कड पुसट दिसायला हवी. विल्यम हगिन्स यांच्यासारख्या खगोलज्ञांना लॉकियर यांचे हे म्हणणे मान्य नव्हते.

पुण्याच्या वेधशाळेतून नायगमवाला यांनी या रेषेचे वेध घेतले. वर्णपट बराच फाकवूनही त्यांना ती रेषा बारीक आणि दोन्ही कडांनी रेखीव दिसली. १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. तिशीतला, वसाहतीतला एक प्राध्यापक साम्राज्याच्या राजधानीतल्या दिग्गजाच्या मताविरुद्ध जाणारे निरीक्षण छापत होता, आणि तेही कोणताही आव न आणता. पुढे लॉकियर यांचा तर्क मागे पडला. ती रेषा ऑक्सिजनची आहे, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या आणि अतिविरळ अवस्थेतल्या ऑक्सिजनची, हे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवले.

प्लेगच्या दिवसांतली तयारी

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा महाराष्ट्राला तिरका छेदून जाणार होता. कोकण किनाऱ्यावर शिरलेली चंद्राची सावली सह्याद्री ओलांडून सोलापूर जिल्ह्यातून विदर्भाकडे आणि पुढे उत्तर भारतात जाणार होती. जानेवारी महिना म्हणजे ढगांची भीती कमी. त्यामुळे जगभरातून मोहिमा निघाल्या.

पण हा काळ महाराष्ट्रासाठी भयंकर होता. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेग सुरू झाला आणि पुढच्या वर्षी पुणे त्याने ग्रासले. जानेवारी १८९७ मध्ये हाफकिन यांनी मुंबईत स्वतः तयार केलेली लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. त्याच वर्षी साथरोगांचा कायदा आला. घरोघर झडत्या, सक्तीचे विलगीकरण आणि रेल्वे प्रवाशांची तपासणी सुरू झाली. पुण्यात लोकांचा संताप इतका वाढला की जूनमध्ये प्लेग कमिशनर रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ग्रहणाच्या तयारीचे महिने ते हेच. साथ असली तरी ग्रहणाची तारीख पुढे ढकलता येत नाही.

लॉकियर स्वतः भारतात आले आणि त्यांनी विजयदुर्ग किल्ल्यावर तळ दिला. तिथला साहेबाचा कट्टा आजही दाखवला जातो. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. लॉकियर यांनी विजयदुर्गावरून हेलियमचा शोध लावला, असे अनेकदा सांगितले आणि लिहिले जाते. ते खरे नाही. हेलियमच्या रेषेची गोष्ट १८६८ सालची, आणि त्या वर्षी लॉकियर इंग्लंडमध्येच होते. विजयदुर्गावर ते आले तीस वर्षांनी, १८९८ च्या ग्रहणासाठी. विजयदुर्गाचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. फक्त ते कशासाठी आहे, हे नीट कळते.

नायगमवाला यांनी जेऊर निवडले. ग्रहणपट्ट्याच्या मध्याजवळची कोरडी, मोकळी जमीन आणि दाराशी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. टनावारी सामान बैलगाडीने फार लांब न्यावे लागणार नव्हते. उजनीचे पाणी तेव्हा नव्हते. धरण झाले ते ऐंशी-ब्याऐंशी वर्षांनी. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल हेही पत्नी एलिझाबेथ यांच्यासह जेऊरलाच आले होते. त्यांच्याकडे चाळीस फूट लांबीचा कॅमेरा होता. जपानी खगोलज्ञांचा तळही तिथेच पडला.

दोन मिनिटांचा हिशेब

जेऊरला खग्रास अवस्था सुमारे दोन मिनिटे टिकणार होती. महिनोन्महिने तयारी, हजारो मैलांचा प्रवास, आणि हाती दोन मिनिटे. त्यातही सर्वांत मोलाचे क्षण खग्रास सुरू होतानाचे आणि संपतानाचे. सूर्याची झगझगीत चकती झाकली जाते त्या क्षणी तिच्या कडेचा पातळ तांबूस थर, म्हणजे वर्णावरण, उघडे पडते. एरवी काळ्या दिसणाऱ्या वर्णपटरेषा क्षणभर उजळ होतात आणि काही सेकंदांत विझतात. याला क्षणदीप्ती वर्णपट म्हणतात. डोळ्याने त्यातल्या दोन-चार रेषा टिपता येतील, शेकडो नव्हे. इथे काच हाच आधार.

त्यासाठी कॅमेऱ्याच्या भिंगापुढे लोलक बसवतात. सूर्याची उरलेली कोर मग प्रत्येक रंगात वेगळी उमटते आणि काचेवर बारीक कोरींची ओळ तयार होते. एकेक कोर एकेका मूलद्रव्याची. काच बदलायची, झडप उघडायची, मोजलेले सेकंद संपताच बंद करायची आणि पुढची काच सरकवायची. अशा मोहिमांत या हालचालींचा आधी कित्येक दिवस सराव केला जातो. सेकंद मोठ्याने मोजणारा एक जण असतो. ज्यांच्या हाती काचा असतात त्यांना वर मान करून ग्रहण पाहायची सवड मिळेलच असे नसते. शस्त्रक्रियागृहात प्रत्येकाची नजर आपापल्या कामावर असते, तसेच.

त्या दिवशी भर दुपारी जेऊरच्या माळावर अंधारून आले. अकलूजच्या आकाशातही सूर्य झाकोळला. हवा स्वच्छ राहिली आणि काचांवर वर्णपट उमटले.

त्याच सावलीखाली विदर्भातल्या तळणी गावी ब्रिटिश हौशी खगोलज्ञांचा तळ होता. तिथे ॲनी माँडर यांनी अवघ्या दीड इंची भिंगाच्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडलाचा एक लांबच लांब झोत टिपला. तोवर इतक्या लांबीचा झोत कोणाच्याच फोटोत आला नव्हता. कॅम्पबेल यांचा कॅमेरा चाळीस फुटांचा, माँडर यांचा हातात मावेल एवढा, आणि दोघांनीही विज्ञानात भर घातली. साधन केवढे, यापेक्षा ते कोणत्या कामाला जुंपले, हे महत्त्वाचे ठरले.

या ग्रहणातल्या काचांवरून प्रभामंडलाच्या हिरव्या रेषेची जागा नव्याने मोजली गेली. आधीची मोजणी चुकली होती, हे त्यातून कळले. ती रेषा कोणत्या मूलद्रव्याची, हे कोडे पुढे चाळीस वर्षांनी सुटले. ती निघाली लोखंडाची, तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. लोखंडाची अशी अवस्था व्हायला दहा लाख अंशांहून अधिक तापमान लागते. सूर्याचा पृष्ठभाग सहा हजार अंशांच्या खाली आणि त्याबाहेरचे प्रभामंडल त्याच्या शेकडो पट तप्त, हा विचित्र शोध अशा काचांतून सुरू झाला. नायगमवाला यांना हे उत्तर कळले नाही. १९३८ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर काही वर्षांतच कोडे सुटले.

जेऊरच्या दोन मिनिटांचा अहवाल लिहायला त्यांना चार वर्षे लागली. १९०२ मध्ये तो तख्तसिंहजी वेधशाळेच्या प्रकाशनमालेचा पहिला खंड म्हणून प्रसिद्ध झाला. वेध घेणे दोन मिनिटांचे. मोजणे, पडताळणे आणि मांडणे वर्षांचे. विज्ञानातला बहुतेक वेळ असाच जातो.

माणूस निवृत्त, वेधशाळा बंद

१९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि त्यांच्यासोबत वेधशाळाही बंद झाली. वीस इंची दुर्बीण आणि इतर उपकरणे तमिळनाडूतल्या कोडाईकनालच्या वेधशाळेकडे रवाना झाली. तिथे ती दुर्बीण भावनगर टेलिस्कोप या नावाने ओळखली गेली, पण अनेक वर्षे विनावापर पडून राहिली. त्या वेळी कोडाईकनालचे संचालक होते जॉन एव्हरशेड. चौदा वर्षांपूर्वी, हौशी खगोलज्ञ असताना, हेच एव्हरशेड तळणीच्या तळावर क्षणदीप्ती वर्णपटाचे फोटो घेत होते. एकाच सावलीखाली उभे राहिलेल्या दोघांपैकी एकाची वेधशाळा दुसऱ्याच्या गोदामात गेली.

हे का झाले, याचे उत्तर दोन्ही वेधशाळांची तुलना केली की मिळते. कोडाईकनालला कर्मचारी होते, नेमून दिलेले काम होते आणि एका संचालकामागून दुसरा येत होता. १९०४ पासून तिथे सूर्याचे रोज फोटो घेतले गेले. शतकभराच्या त्या काचा आज संगणकावर चढवल्या गेल्या आहेत आणि सूर्यडागांचे चक्र समजून घेण्यासाठी जगभरातले संशोधक त्या वापरतात. पुण्याची वेधशाळा मात्र एका माणसाच्या खांद्यावर उभी होती. शिकवण्याचे काम सांभाळून तोच वेध घेणार, तोच मोजणार, तोच लिहिणार. दुर्बीण विकत मिळाली, घुमट बांधला गेला, पण त्याच्यानंतर कोण, हा प्रश्न कोणी सोडवला नाही. ग्रामीण भागात महागडे यंत्र येते आणि चालवणारा तंत्रज्ञ बदलून गेला की त्यावर कापड पडते. दवाखान्यांना हे दृश्य नवे नाही.

पुण्यात आकाशाची ओढ पुन्हा जागायला काळ जावा लागला. १९४४ मध्ये तिथे हौशी मंडळींनी ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन केली आणि १९८८ मध्ये, तख्तसिंहजी वेधशाळेनंतर बरोबर शंभर वर्षांनी, आयुकाची स्थापना झाली.

मोबाइल आयपीसला लावताना

आता पुन्हा अकलूजच्या गच्चीवर येऊ. मोबाइलमधला संवेदक नायगमवाला यांच्या काचेपेक्षा कितीतरी पटींनी संवेदनशील आहे. त्या काळची काच मुख्यतः निळा-जांभळा प्रकाश टिपत असे. मोबाइल सगळे रंग टिपतो. निकाल पाहायला अंधाऱ्या खोलीत रसायने लागत नाहीत. कमी आहे ती फक्त पद्धत, आणि ती शिकता येते.

सुरुवात चंद्रापासून करावी. पौर्णिमेला नव्हे, तर अष्टमीच्या आसपास. तेव्हा उजेड-अंधाराच्या सीमेवर खड्ड्यांच्या सावल्या लांब पडतात. आधी डोळ्याने दुर्बीण नीट फोकस करावी. कमी वर्धनाचा, म्हणजे पंचवीस मिलिमीटरच्या आसपासचा आयपीस लावावा. मोबाइलचे भिंग आयपीसच्या बरोबर मध्यावर आणि किंचित अंतरावर हवे. थोडे सरकले की चित्र काळे पडते. हात हलतो, म्हणून मोबाइल धरून ठेवणारा स्वस्तातला अडॅप्टर घ्यावा आणि तीन सेकंदांचा टायमर लावावा. चंद्रावर बोट दाबून फोकस कायम करावा आणि उजेड कमी करावा, नाहीतर चंद्र पांढरा गोळा होतो. गुरू, शनी यांच्यासाठी व्हिडिओ घ्यावा. हवेच्या थरथरीमुळे बरीच चित्रे बिघडतात, पण शेकडो चित्रांतली चांगली निवडून संगणकावर एकत्र केली की तपशील उमटतो. जानेवारीत मृगाच्या तीन ताऱ्यांच्या बाणाखाली दिसणारा तेजोमेघ मोबाइलच्या नाइट मोडमध्ये सापडतो. ज्या हिरव्या रेषेने लॉकियर यांचा तर्क मोडला, ती याच तेजोमेघातली.

सूर्याच्या बाबतीत मात्र प्रयोग नकोत. साध्या डोळ्याने सूर्याकडे पाहिले तरी दृष्टिपटल भाजू शकते; दुर्बिणीतून तर क्षणार्धात. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाही, त्यामुळे इजा होत असताना कळत नाही. काही तासांनी नजरेच्या मधोमध डाग दिसू लागतो आणि तो कायमचा राहू शकतो. त्यावर खात्रीचा उपचार नाही. काजळी धरलेली काच, एक्स-रे फिल्म, गडद गॉगल, हळदीच्या पाण्यातले प्रतिबिंब, यांतले काहीही सुरक्षित नाही. दुर्बिणीला सूर्यासाठीचा प्रमाणित फिल्टर लावायचा तो पुढच्या तोंडाला, आयपीसला नव्हे. आयपीसचा फिल्टर उष्णतेने तडकू शकतो. ग्रहणाचा चष्मा घालून दुर्बिणीत पाहणेही तितकेच धोक्याचे. जेऊरला खगोलज्ञांनी फिल्टरविना काम केले ते केवळ त्या दोन मिनिटांत, सूर्य पूर्ण झाकलेला असताना.

२ ऑगस्ट २०२७ रोजी भारताच्या पश्चिम भागातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. महाराष्ट्रात ते दुपारनंतर असेल आणि पावसाळ्याचे ढग आडवे येऊ शकतात. सूर्य तेव्हा पूर्ण झाकला जाणार नाही, म्हणजे फिल्टर काढण्याचा एकही क्षण नाही. शाळांना तयारीला वेळ आहे.

आणि फोटो काढल्यावर एक साधे काम करावे. वहीत तारीख, वेळ, गाव, दुर्बिणीचा व्यास, आयपीस आणि आकाशाची स्थिती लिहून ठेवावी. मोबाइल बदलला की फोटो हरवतात आणि कोणी कधी काढला हे विसरले जाते. मुख्य म्हणजे ती वही आणि ती दुर्बीण पुढच्या वर्गातल्या दोन मुलांच्या हाती द्यावी. पुण्याच्या वेधशाळेला ते जमले नाही. अकलूजच्या शाळेला जमू शकते.